एका वारेचे वाटेकरी

"पिशव्या दोन आहेत, वार मात्र एकच आहे," मीरा रोडच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या भाचीच्या सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "दोन पिशव्या? आमच्या सुनेला?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्या बोलीत बाईच्या पोटात पिशवी एकच असते. ती खाली सरकते, तिला गाठी होतात, पन्नाशीच्या आगेमागे ती काढून टाकतात. डॉक्टर म्हणत होत्या ती पिशवी निराळी, बाळाभोवतीच्या पाण्याची पातळ थैली. "नाही हो काकू, गर्भाशय एकच आहे. आत प्रत्येक बाळाचं पाणी वेगळं, मधे पडदा आहे. पण वार सामाईक आहे."

'सामाईक' म्हटल्याबरोबर काकू खाली बसल्या. त्यांचं माहेर वाड्याकडचं. सातबाऱ्यावर सामाईक हिस्सा म्हणजे काय प्रकरण असतं हे तलाठ्याच्या दारात उभं राहून शिकलेल्या बाईला त्या एका शब्दात पुष्कळ कळलं. दारापाशी घुटमळणाऱ्या मला, म्हणजे मुलीच्या मामाला, मात्र शब्दांचा नाद लागला तो तिथून.

आधी 'जुळे' हाच शब्द घेऊ. संस्कृतात युगल, प्राकृतात जुअल, आणि तिथून मराठीत जुवळ, जूळ, जुळे. युगलच्या पोटात 'युग' आहे, आणि युग म्हणजे मुळात काळ नव्हे, तर दोन बैलांच्या मानेवर ठेवायचं जोखड. आपलं 'जू' त्याच युगाचं. एका जुवाखाली आलेली ती जुळी. मग त्याचं क्रियापद झालं आणि ते घरभर फिरलं: पत्रिका जुळते, सूर जुळतो, हिशेब जुळतो, लग्न जुळतं. छापखान्यात शिशाचे खिळे लावणारा तो जुळारी. खिळे गेले, जुळारी गेला, तरी पुस्तकाच्या आतल्या पानावर 'अक्षरजुळणी' अजून छापून येते. आणि तिघं एकदम जन्मली तर 'तिळी'. मला वाटतं, जुळ्यातला 'ळे' हा प्रत्ययच आहे अशा थाटात भाषेने तिथे सरळ बेरीज केली आहे.

गंमत अशी की डॉक्टरांच्या कागदावर इंग्रजीत जो शब्द असतो, 'मोनोझायगोटिक', त्यातही हेच जोखड आहे. ग्रीक 'झिगॉन' म्हणजे जू. त्यापासून झायगोट, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्रबीज जुंपून झालेली पहिली पेशी. लॅटिनचं 'युगुम', इंग्रजीचं 'योक', आपलं युग, योग, जू आणि जुळे, सगळी एका धातूची पिलावळ. पाठ्यपुस्तकांनी झायगोटला 'युग्मज' म्हटलं तेव्हा तो शब्द परका म्हणून आला नाही. चुलत घरून आला.

दुसरा शब्द जुळ्यापेक्षा गोड आणि आता शहरात विरळ: जावळे. देशावर अजून ऐकू येतं, "आवळ्या-जावळ्या पोरी हायेत." जोडकेळ्याला जावळं केळं म्हणतात आणि पोटुशी बाईने ते खाऊ नये म्हणतात. हा जावळा संस्कृत 'यमल'चा. 'म'चा 'व' होऊन आधी जांवळा, मग नाकातला आवाज गळून जावळा. कृष्णाने उखळ ओढत पाडले ते दोन अर्जुनवृक्ष यमलार्जुन. म्हणजे जावळे अर्जुन. कानडीत जुळ्यांना 'अवळी-जवळी' म्हणतात, हुबळी-धारवाडला 'अवळी नगर'. आपली आवळी-जावळी जोडी आणि कानडी जोडी शेजारणींसारख्या इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की सोलापूर-बेळगावच्या पट्ट्यात कोण कोणाच्या घरून आली हे विचारू नये. बाळाचं 'जावळ' काढतात ते मात्र या कुळातलं नव्हे. ते पहिल्या केसांचं. जावळ्यांचं जावळ एकाच दिवशी काढलं तरी शब्द सोयरे होत नाहीत.

यमलच्या मुळाशी 'यम'. यम म्हणजे जुळा. यम आणि यमी ही विवस्वानाची जुळी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांचा संवाद आहे. इराणी अवेस्तात हाच 'यिम'. मृत्यूचा देव ही यमाची नंतरची नोकरी, आणि ती त्याला मिळाली पहिला मरणारा म्हणून. माद्रीच्या नकुल-सहदेवांना महाभारत 'यमौ' म्हणतं, तेव्हा तिथे रेड्यावर बसलेला कोणी नसतो. आणि शाळेत आपण शिकलो ते 'यमक', तेही जुळंच: दोन ओळींच्या शेवटी जन्मलेले सारख्या चेहऱ्याचे दोन आवाज.

आमच्या या गावात तर जुळ्यांना किती नावं! मीरा-भाईंदर हे नावच मधे आडवी रेघ घेऊन जन्मलेलं. १९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २००२ साली महापालिका. भाईंदर पश्चिमेच्या गुजराती-मारवाडी बिल्डिंगांत 'जोडिया', हिंदीत 'जुड़वाँ'. नयानगरात उर्दूची पुस्तकी जाण असलेले 'तौअम' म्हणतील. तो अरबी शब्द. आणि उत्तनच्या ख्रिस्ती वस्तीत थॉमस नावाचा माणूस भेटला तर त्याला सांगायला हरकत नाही की त्याच्या नावाचा अर्थ 'जुळा' आहे. अरामी भाषेतला 'तोमा' म्हणजे जुळा, अरबी 'तौअम'चा सख्खा भाऊ. शुभवर्तमानात त्याच थॉमसला ग्रीक नावही दिलं आहे, 'डिडिमस'. त्याचाही अर्थ जुळा. नयानगर आणि उत्तन या एका शब्दात शेजारी आहेत हे दोघांनाही ठाऊक नाही.

हे सगळे शब्द बाळांकडे बघतात. दोन आहेत, सारखी आहेत, जोडीची आहेत. डॉक्टर मात्र पहिल्या सोनोग्राफीत बाळांकडे बघण्याआधी दुसरंच शोधतात: वार किती? घरच्यांना हवं असतं 'सारखी दिसतील का', आणि त्या वेळी या प्रश्नाला काडीची किंमत नसते. सारखी दिसणारी जुळी जगात सगळीकडे जवळपास एकाच प्रमाणात होतात, हजार बाळंतपणांत तीन-चार. न सारखी, म्हणजे दोन वेगळ्या बीजांची, कुठे कमी कुठे जास्त. नायजेरियाच्या योरुबा लोकांत सर्वाधिक. मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ साली टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. या उपचाराने पुढे जगभर जुळ्यांची संख्या वाढवली. एकाच बीजाची दोन झाली तर ती कितव्या दिवशी झाली यावर पुढचं सगळं अवलंबून. पहिल्या तीन दिवसांत फुटलं तर वारा दोन. चार ते आठ दिवसांत फुटलं तर वार एक, पिशव्या दोन. एकबीजी जुळ्यांत हाच प्रकार सर्वांत जास्त. आणखी उशीर झाला तर पिशवीही एक. तेराव्या दिवसानंतर मग देहच पुरते सुटत नाहीत. त्यांना आपण अजून 'सयामी जुळी' म्हणतो, सयाममध्ये १८११ साली जन्मलेल्या चँग आणि एंग या भावांवरून. देशाचं नाव बदलून थायलंड झालं, दुखण्याला जुनं नाव चिकटून राहिलं.

तर वार. सुईणी वार पडेपर्यंत बाळंतिणीजवळून हलत नसत. जुळी असली की वार पालथी करून बघत. गोठ्यात गाईची वार पडते, तिला बऱ्याच ठिकाणी 'जार' म्हणतात. "गाईनं जार टाकला का?" हा जार वेदातला आहे. संस्कृत 'जरायु' म्हणजे गर्भाचं वेष्टन. अथर्ववेदात सुखाने बाळंत होण्याचं एक सूक्त आहे, त्यात जरायु खाली पडो असं पुनःपुन्हा म्हटलं आहे. त्याच वेदात सापाची कातही जरायु. आपल्या संतांनी जिवांच्या चार खाणी मोजल्या, अंडज, स्वेदज, उद्भिज आणि जारज. हा जारज म्हणजे जरायुज, वारेतून जन्मलेला. पण 'जार' म्हणजे परपुरुष असाही शब्द शेजारी उभा असल्याने आजचा वाचक तिथे हमखास दचकतो. कीर्तनकारांनी एवढी तळटीप तोंडी देऊन टाकावी.

आता ग्रीकांकडे बघा. बाहेरच्या वेष्टनाला त्यांनी 'कोरिऑन' म्हटलं. अर्थ कातडी. आपला जरायु सापाची कात, त्यांचा कोरिऑन कातडं: दोन समाजांनी ओला पापुद्रा हातात धरून एकच विचार केला. 'प्लॅसेंटा' हे लॅटिन नाव मात्र स्वयंपाकघरातलं, चपटी पोळी किंवा केक. इटलीच्या रिआल्डो कोलंबोने १५५९च्या शरीररचनेच्या ग्रंथात ते रूढ केलं. भाचीच्या रिपोर्टवर 'एमसीडीए' अशी चार अक्षरं होती. त्यातलं 'एमसी' म्हणजे मोनोकोरिऑनिक, एका कातड्याची. मराठीत मी 'एका वारेची जुळी' म्हणेन. 'एकजरायुज' म्हणणाऱ्याला सुईण हसेल.

ही एक वार ओळखायची ती दहा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान, आणि ओळखतात चक्क अक्षरं वाचून. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे भिडतो तिथे पाचर शिरल्यासारखं दिसलं तर ते ग्रीक लॅम्डा, वारा दोन. पडदा काटकोनात येऊन टेकला तर इंग्रजी टी, वार एक. आमच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "हा बघा टी." मला दिसली धुक्यातली एक रेघ. नंतर उशिरा हे अक्षर पुसट होतं, म्हणून तिसऱ्या महिन्यातली ही सोनोग्राफी चुकवू नये. पुढे सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणी. भाचीच्या त्या वाऱ्या सरळ पार पडल्या, दोघांचे वाटे ठीक निघाले. एका वारेच्या दर शंभर जोड्यांत दहा-पंधरा ठिकाणी ते तसे निघत नाहीत.

चरकाला हे वाटे माहीत होते. शारीरस्थानाच्या दुसऱ्या, अतुल्यगोत्रीय नावाच्या अध्यायात प्रश्नोत्तरं आहेत. एकाच वेळी दोन का जन्मतात? वायूने बीज फोडलं म्हणून. मग जुळ्यांत एक जास्त वाढलेला आणि दुसरा रोडावलेला का? अंश सारखे पडले नाहीत म्हणून, आणि कर्म. जुळ्यासाठी तिथे शब्द 'यम'च. कर्माचा भाग सोडून देऊ. पण 'विषम अंश' हे निदान आजच्या भाषेत जवळपास तसंच राहतं. एकाला वारेचा मोठा तुकडा, दुसऱ्याला कोपरा. त्याची वाढ खुंटते. मराठी डॉक्टर रिपोर्टमध्ये यासाठी इंग्रजी आद्याक्षरं लिहितात आणि बोलताना म्हणतात, "वाटणी सारखी नाही." वाटणे, वाटा हे संस्कृत 'वण्ट्'चे, वण्ट् म्हणजे हिस्से करणे. रिपोर्टपेक्षा बोलणं बरोबर आहे.

दुसरा बिघाड अधिक अवघड, कारण तो वाट्यांतला नसून वाट्यांमधल्या चोरवाटांचा आहे. एका वारेवर दोघांच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि हद्दीवर एकमेकींना जोडल्या जातात. रोस्टोकचे प्रसूतितज्ज्ञ फ्रीड्रिश शात्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा वारांत रंग भरून हे जोड दाखवले आणि त्याला नाव दिलं 'तिसरं अभिसरण': पहिल्या बाळाचं एक, दुसऱ्याचं एक, आणि दोघांच्या मधलं हे तिसरं. बहुतेक वेळा देणंघेणं बरोबरीत सुटतं. कधी एकाकडून दुसऱ्याकडे एकतर्फी ओघ लागतो. ज्याचं रक्त जातं त्याची लघवी कमी होते, म्हणून त्याच्या पिशवीतलं पाणी आटतं. पडदा त्याच्या अंगाला घट्ट चिकटतो. ज्याच्याकडे येतं त्याची लघवी वाढते, पाण्याने पोट तट्ट फुगतं आणि त्याचं हृदय ओझ्याने थकतं. एकीकडे सर्वांत खोल पाण्याची जागा दोन सेंटिमीटरच्या आत, दुसरीकडे आठच्या वर: अशी व्याख्या आहे. पाचव्या-सहाव्या महिन्यात हे जोर करून आलं आणि काही केलं नाही तर बहुधा दोघंही जातात. घरच्यांना यातलं एवढंच कळतं की आईचं पोट आठवड्याभरात भलतं वाढलं. ॲमस्टरडॅममधलं १६१७चं एक चित्र आहे. त्यात बाळुत्यात गुंडाळलेली जावळी बाळं, एक पांढरंफटक, एक लालबुंद. चितारी होता निनावी. डॉक्टरांनी त्यात हा आजार ओळखला तो जवळजवळ चार शतकांनी.

इथे इंग्रजीने नावं ठेवली 'डोनर' आणि 'रेसिपियंट', आणि मराठी माहितीपत्रकांत ती 'दाता' आणि 'प्राप्तकर्ता' होऊन बसली. मला हा 'दाता' सहन होत नाही. आपल्या शास्त्रांत दान म्हणजे स्वतःची मालकी स्वतःच्या इच्छेने सोडणं. रक्तदाता, नेत्रदाता, अन्नदाता या सगळ्यांच्या मागे संकल्प असतो. सतरा आठवड्यांच्या जिवाने कोणता संकल्प सोडला? त्याचं जातंय, तो देत नाहीये. आणि 'प्राप्तकर्ता' तर सरकारी योजनेचा लाभार्थी वाटतो, खरं तर बुडतोय तोच. मी एका ओळखीच्या आईला ऐकलं आहे, "आमचा दाता बारीक आहे," अशा सुरात की जणू धाकट्याने आधीच पुण्य जोडलं. आईला त्यातून धीर मिळत असेल तर माझी तक्रार मागे. पण छापील कागदावर 'ज्याचं रक्त जातं ते बाळ' आणि 'ज्याच्याकडे रक्त येतं ते बाळ' असं लांब लिहायला कोणाचं काय जातं? याहून वाईट प्रसंग 'अकार्डिॲक'चा. काही जोड्यांत एका बाळाला हृदयच घडत नाही आणि दुसऱ्याचं हृदय दोघांना रक्त पुरवतं. त्या शब्दाचा शब्दशः मराठी तर्जुमा 'हृदयहीन'. ज्याने तो छापला त्याने मराठी सिनेमा पाहिलेला नसावा.

उपाय एकेकाळी एकच होता, फुगलेल्या पिशवीत सुई घालून पाणी काढायचं. ते पुन्हा भरायचं. १९८८ साली अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी गर्भाशयात दुर्बीण घालून लेसरने ते जोडच बंद केले. १९९०मध्ये तो निबंध छापून आला. लंडनमधून ईव्ह व्हिल आणि सहकाऱ्यांची मालिका १९९५ची. १९९९ साली रुबेन क्विन्तेरो यांनी आजाराच्या पाच पायऱ्या आखून दिल्या, त्या आजही रिपोर्टवर रोमन आकड्यांत येतात. मग २००४चा युरोपातला प्रयोग: १४२ स्त्रिया, निम्म्यांना लेसर, निम्म्यांचं नुसतं पाणी काढलं. निदान एक बाळ जन्मानंतर अठ्ठावीस दिवस जगण्याचं प्रमाण लेसरमध्ये ७६ टक्के, दुसरीकडे ५६. फरक एवढा स्पष्ट होता की प्रयोग मुदतीआधी थांबवला. आज ही शस्त्रक्रिया मुंबईत-पुण्यातही होते; साधारण सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या काळात, दोन-तीन मिलिमीटरच्या नळीतून, आई बहुधा जागी असताना. घरी सांगतात, "दुर्बिणीतून झालं." दुर्बीण हा फारसी शब्द, दूरचं बघणारी. गडावरून शत्रूची छावणी बघायला आलेली ही वस्तू आता चार बोटांवरचं बघते, आणि कोणालाही ते खटकत नाही.

आता दोन वाट्यांमधल्या हद्दीकडे येऊ. सुरुवातीला डॉक्टर दिसतील तेवढे जोड एकेक करून जाळत. त्यात केसाएवढे बारीक जोड सुटत आणि काही दिवसांनी त्यांतून रक्त झिरपून एक बाळ पांढरं, दुसरं घट्ट रक्ताचं होई. ही नवी व्याधी लायडनच्या डॉक्टरांनी २००६ साली वेगळं नाव देऊन ओळखली. म्हणून मग एकेका जोडावरचे ठिपके लेसरच्या रेघेने जोडून घ्यायचे, वारेच्या या काठापासून त्या काठापर्यंत, म्हणजे दोन वाट्यांमधली हद्द सलग पक्की होते. २०१४ साली २७४ स्त्रियांवरच्या प्रयोगाने दाखवलं की अशी सलग रेघ ओढली तर मागाहून येणारी ती पांढरी-लाल व्याधी १६ टक्क्यांवरून ३वर येते.

या रेघेला त्यांनी नाव दिलं 'सॉलोमन'. बायबलमधल्या त्या राजाकडे दोन बायका एका बाळावर हक्क सांगत आल्या आणि त्याने बाळ मधोमध कापायला तलवार मागवली, ती गोष्ट. जातकातही अशीच आहे, तिथे महोसध बाळाला रेघेवर ठेवून दोघींना ओढायला लावतो. मला हे नाव उलटं वाटतं. सॉलोमनचा न्याय न कापण्यात होता. तलवार ही खरी आई ओळखायची युक्ती. इथे रेघ खरंच ओढतात आणि ओढली म्हणून दोघं जगतात. मराठीत तयार शब्द होता आणि तो काकूंनी डॉक्टरांच्या आधी ओळखला असता: बांध. सामाईकातली कुरबुर मोजणी करून, बांध घालून मिटवतात. हद्दीवर एक फट राहिली तरी पाणी त्या शेतातून या शेतात जातं हे शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. आणि बांध हा शब्द तरी कुठला? 'बन्ध्' धातूचा, बांधण्याचा. ज्याने वेगळं करायचं त्याचं नाव बांधण्यावरून. बंधू त्याच धातूचा, भाऊबंद त्याचे, भाऊबंदकीही त्याचीच.

सगळ्याच जोड्यांत बांध पुरत नाही हेही सांगायला हवं. हृदय नसलेल्या बाळाच्या जोडीत, किंवा वाढ खुंटलेलं बाळ जाण्याच्या बेतात असून जाताना दुसऱ्याला ओढून नेईल अशी भीती असताना, त्याची नाळ बंद करावी लागते. रेडिओ लहरींच्या उष्णतेने किंवा चिमट्याने. इंग्रजीत याला 'रिडक्शन' म्हणतात, वजाबाकी. मराठीत अजून कोणी नाव ठेवलेलं नाही. "नाळ बंद केली" एवढंच म्हणतात. बरं आहे. वर्तमानपत्रांनी 'मातीशी नाळ', 'वाचकांशी नाळ' करून या शब्दाचा चोथा केला आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत तो पुन्हा रक्ताचा होतो.

'भ्रूण' या शब्दाचं नशीब तर त्याहून वाईट. धर्मशास्त्रांत 'भ्रूणहा' महापापी, आणि मराठीत आज भ्रूण बहुतेक 'हत्ये'ला जोडूनच भेटतो. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानावर कायदा केला, देशात पहिला, केंद्राचा १९९४चा. तेव्हापासून प्रत्येक सोनोग्राफीच्या दारावर इथे लिंगनिदान होत नाही अशी पाटी आहे. त्याच दाराआड त्याच यंत्रावर आता गर्भाचा उपचार ठरतो, म्हणून या शाखेने 'गर्भवैद्यक' म्हणवून घेतलं आणि भ्रूणाला बाहेर ठेवलं, हे मला समजतं. गर्भ हा शब्दही जुना आहे. यास्काने तो धरून ठेवण्याच्या धातूशी जोडला. आधुनिक भाषाशास्त्र त्याला ग्रीक 'डेल्फिस'च्या, गर्भाशयाच्या, शेजारी बसवतं. त्यातून ग्रीक 'अडेल्फोस', भाऊ, एका गर्भातला. संस्कृतात हुबेहूब 'सगर्भ्य'. मराठीने तो टाकला आणि 'सगर्भा' म्हणजे गरोदर एवढंच ठेवलं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात गर्भावरच्या शस्त्रक्रियांचं जगातलं एक मोठं केंद्र आहे. शहराच्या नावाचा अर्थ बंधुप्रेम, अक्षरशः 'एका गर्भातल्यांचं प्रेम'.

राहिला थोरला-धाकट्याचा प्रश्न. एकाच घटकेत आलेल्यांत थोरला कोण? काही घरांत म्हणतात, आधी आत गेला तो मागून बाहेर येतो, म्हणून मागून आलेला थोरला. हिरण्यकशिपू आणि हिरण्याक्ष या जुळ्यांबाबत भागवताच्या टीकाकारांनी यावर शाई खर्च केली आहे. सोनोग्राफीत 'पहिलं बाळ' म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाजवळचं. सिझेरियनमध्ये पोट वरून उघडतात, तेव्हा हाताला आधी येईल ते पहिलं, आणि ते रिपोर्टमधलं दुसरंही असू शकतं. म्हणून एका वारेची जुळी जन्मली की कागदावरच्या क्रमांकावर न विसंबता दोघांचं वजन आणि हिमोग्लोबिन ताबडतोब बघतात, आणि वार कचऱ्यात न टाकता तिच्या वाहिन्यांत शात्झच्या पद्धतीने रंग भरून कोणता वाटा कोणाचा ते ताडतात. त्या वेळी बाहेर पेढे कोणाच्या नावाने आधी वाटायचे यावर चर्चा चाललेली असते.